हाड, शिंपला आणि फेस

वरळी कोळीवाड्यात घोळ किंवा ढोम्याचे डोके फोडणाऱ्या कोणत्याही मावशीला विचारा. त्या डोक्यातून एक पांढरा, गुळगुळीत खडा निघतो, हे त्या सांगतील. हाताला तो हाडासारखाच लागतो, रंगही जवळपास हाडाचाच. पण ते हाड नव्हे. मासा या खड्याच्या आधारे तोल सांभाळतो आणि आवाज ऐकतो. हा खडा आणि त्याच्या भोवतीची कवटी, दोन्ही एकाच माशाने कॅल्शियमपासून घडवलेली. फरक आहे तो कॅल्शियमच्या जोडीदाराचा. हाडात त्याची जोडी फॉस्फेटशी जमलेली असते, तर खड्यात कार्बोनेटशी. तिसऱ्या, कालवे, खुबे यांची कवचेही कार्बोनेटचीच, म्हणजे चुनखडीची. कोकणात शिंपले भाजून चुना करीत, तो त्यामुळेच.

श्रोतेहो, हे दोघे ओळखायचे कसे? त्याला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ धुतलेला शिंपला व्हिनेगरमध्ये टाका, लगेच बारीक बुडबुडे सुटू लागतात. हाड टाका, ते जवळजवळ स्वस्थ बसून राहते. चारसहा दिवसांनी मऊ पडेल, पण फसफसणार नाही. ही स्वयंपाकघरातली परीक्षा लक्षात ठेवा. कारण शेतकऱ्याला लागणाऱ्या खताच्या एका मोठ्या अडचणीवरचा उपाय याच परीक्षेच्या तत्त्वावर उभा आहे.

खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश अशी तीन नावे असतात. त्यातला मधला स्फुरद म्हणजे फॉस्फरस. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड नावाच्या किमयागाराने १६६९ साली मूत्र आटवून आटवून तो मिळवला. तो सोने शोधत होता, हाती लागला अंधारात चमकणारा पदार्थ. म्हणून त्याला ग्रीक भाषेत प्रकाश आणणारा अशा अर्थाचे नाव पडले. मराठीत ज्यांनी स्फुरद हा शब्द रुळवला त्यांचे कौतुक वाटते. स्फुरणे म्हणजे चमकून उठणे. कवितेच्या माणसाला स्फुरण ओळखीचे असते, पण पिकाला ते खरोखरच लागते. मुळे फुटायला, फुलोरा यायला, दाणा भरायला स्फुरद हवाच. त्याच्या जागी दुसरे काहीही चालत नाही. नत्र हवेतून मिळवता येतो, स्फुरद तसा मिळत नाही. तो खडकातूनच आणावा लागतो.

या खडकाला खडक स्फुरद, इंग्रजी वळणाने रॉक फॉस्फेट म्हणतात. त्यातले मुख्य खनिज ॲपेटाइट. आपल्या हाडादातांत असते त्याचेच हे भावंड. अमेरिकेत मध्य फ्लोरिडातल्या फॉस्फेटच्या खाणींच्या प्रदेशाला तर नावच हाडांचे खोरे असे आहे, कारण तिथल्या थरांत प्राचीन प्राण्यांची अश्मीभूत हाडे सापडतात.

मग हा खडक दळून शेतात का टाकू नये? कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत तो थोडाफार चालतो. राजस्थानातून येणारे राजफॉस हे असेच नुसते दळलेले खत. पण देशावरच्या काळ्या जमिनीत मुळातच चुनखडी असते आणि ती आम्लधर्मी नसते. तिथे दळलेला खडक वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो, मुळांच्या हाती काही लागत नाही. पिकाला स्फुरद द्यायचा तर तो पाण्यात विरघळणारा करावा लागतो आणि त्यासाठी लागते आम्ल. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली याचे पेटंट घेतले. गंधकाम्लाची प्रक्रिया करून त्यांनी सुपर फॉस्फेट बनवले. आपल्याकडे १९०६ साली मद्रास इलाख्यात रानीपेटला सुपर फॉस्फेटचा कारखाना निघाला. मुंबईच्या भोवती पाहाल तर धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. पुढे तुर्भ्याच्या खत कारखान्यात नायट्रिक आम्ल वापरून १५:१५:१५ चे सुफला होऊ लागले. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शेतकऱ्याला हे नाव ठाऊक आहे.

आता अडचणीकडे येऊ. निसर्गात फॉस्फेट एकटा सापडत नाही. समुद्रतळाशी तो साचला तिथेच चुनखडी आणि तिचा मॅग्नेशियमवाला भाऊ डोलोमाइट हेही साचले. हा मिश्र खडक तसाच आम्लात घातला की शिंपल्याने व्हिनेगरमध्ये केले तेच होते, पण कारखान्याच्या प्रमाणावर. एक किलो चुनखडी जवळजवळ एक किलो गंधकाम्ल फस्त करते. डोलोमाइट तर स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त आम्ल खातो. बदल्यात मिळतो कार्बन डायऑक्साइड आणि टाकीतून उतू जाणारा फेस. शिवाय डोलोमाइटमधला मॅग्नेशियम स्फुरदाम्लात उतरतो, ते दाट होते, त्यात गाळ धरतो आणि पुढे डीएपीसारखी खते करताना डोकेदुखी होते. आपल्याकडे आम्लासाठी लागणारे गंधकही पुष्कळसे परदेशातून येते. तेव्हा ज्या खडकात चुना जास्त, तो खडक कारखानदार घेत नाही. त्यात फॉस्फेट असूनही तो खाणीच्या कडेला पडून राहतो.

भारतातली याची मोठी गोष्ट घडली ती उदयपूरजवळ. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर झामरकोटडा म्हणून गाव आहे. १९६८ साली तिथे फॉस्फेटचा मोठा साठा सापडला. खाण राजस्थान सरकारच्या मालकीची कंपनी चालवते. हा खडक पाहण्यासारखा आहे. सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांपूर्वी, पृथ्वीवर मासे नव्हते, शिंपले नव्हते, झाडे नव्हती, तेव्हा तिथे उथळ समुद्र होता आणि त्यात सूक्ष्मजीवांचे चिकट थर एकावर एक चढत होते. त्यांचे खांब तयार झाले. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. गंमत अशी की फॉस्फेट साठला तो या खांबांत आणि दोन खांबांमधल्या फटीत साठला डोलोमाइट. कापलेल्या दगडावर निळसर करडे खांब आणि मधला फिका भाग डोळ्यांना वेगळे दिसतात. या जागेला आता राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे.

पण डोळ्यांना वेगळे दिसणे आणि हाताने वेगळे करता येणे यात फार अंतर. तिथला चांगला खडक ३० टक्क्यांच्या वर स्फुरद देणारा. तो सरळ विकला जातो. त्याच्या कितीतरी पट साठा आहे तो १६-१७ टक्क्यांचा, डोलोमाइटने भरलेला. चांगला माल संपत जाणार आणि हलका माल उरणार, हे सुरुवातीपासून दिसत होते. म्हणून या हलक्या खडकातून कार्बोनेट काढून टाकण्याचा प्रकल्प तिथे उभारला गेला. त्यात वापरतात ती पद्धत म्हणजे फेनतरण.

फेनतरण हा शब्द दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अनेकांनी वाचला असेल. तांब्याचे खनिज बारीक दळायचे, पाण्यात ढवळायचे, थोडे पाइनचे तेल घालायचे, खालून हवा फुंकायची. खनिजाचे कण फेसाबरोबर वर येतात, माती पाण्यात राहते. वाचताना आपण समजून जातो की जे हलके ते वर आले. इथेच आपली चूक होते. जवळा धुताना कचरा वर तरंगतो आणि वाळू खाली बसते, तो वजनाचा खेळ. फेनतरणात वजनाला फारशी किंमत नाही. ॲपेटाइट पाण्याच्या सव्वातीन पट जड, डोलोमाइट पावणेतीन पटीच्या थोडा वर. दोघेही बुडणारेच, आणि पिठासारखे दळल्यावर इतक्याशा फरकाने त्यांना वजनावर निवडताही येत नाही.

मग कण वर येतो कसा? अळूच्या पानावरचे पाणी आठवा. पान भिजत नाही, थेंब घरंगळून जातो. असे पाण्याशी न जमणारे अंग ज्या कणाला असेल तो पाण्यापेक्षा हवेला जवळ करतो. खालून येणाऱ्या बुडबुड्याला तो चिकटतो आणि बुडबुडा त्याला वर नेतो. ज्याच्या अंगाला पाणी लागते तो कण बुडबुड्याला धरत नाही, खालीच राहतो. म्हणजे सारा प्रश्न कणाच्या कातडीचा आहे, पोटात काय आहे याचा नाही. फेस वरून निपटून काढला की निवड झाली.

ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरात आली, ती शिसे-जस्ताच्या गंधकयुक्त खनिजांसाठी. तिथे काम तुलनेने सोपे होते. गंधकाचे खनिज आणि त्याच्याबरोबरची वाळू यांची कातडी मुळातच वेगळी. फॉस्फेट आणि वाळू यांनाही वेगळे करता येते. फ्लोरिडात हे काम अनेक दशके चालू आहे.

फॉस्फेट आणि चुनखडी यांचे मात्र तसे नाही. खारट विहिरीच्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही, त्याचा पांढरा साका होतो, हे आपण पाहिलेले आहे. साबणात मेदाम्ल असते आणि पाण्यातला कॅल्शियम दिसला की ते त्याला घट्ट धरते. खनिजाच्या कणावर कॅल्शियम असेल तर साबणाचा रेणू तिथेही असाच डोके टेकवतो आणि आपली तेलकट शेपटी बाहेर ठेवतो. कणाला तेलकट अंगरखा चढतो, तो पाणी टाळू लागतो आणि बुडबुड्याला धरतो. फॉस्फेट वर आणायला म्हणूनच साबण किंवा मेदाम्ल वापरतात. पण कॅल्शियम चुनखडीतही आहे आणि डोलोमाइटमध्येही. साबण तिघांनाही सारखाच अंगरखा घालतो. फेसावर सगळेच गोळा होतात.

ॲपेटाइट या नावाचा अर्थ इथे पटतो. हे नाव जर्मन खनिजशास्त्रज्ञ वेर्नर यांनी १७८६ साली दिले, ते फसवणूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, कारण हे खनिज लोक वारंवार दुसरेच काही समजत. दोनशेहून जास्त वर्षांनीही ते फसवतेच आहे.

फसवणूक आणखी खोल जाते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काम केलेले, मूळचे केरळचे शास्त्रज्ञ पी. सोमसुंदरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवले की ही खनिजे एकाच पाण्यात राहिली की एकमेकांची कातडी चढवू लागतात. चुनखडी थोडी विरघळते, ॲपेटाइटही थोडे विरघळते. एकाचे विरघळलेले कण दुसऱ्याच्या अंगावर बसतात. परिस्थितीप्रमाणे ॲपेटाइटचा पृष्ठभाग चुनखडीसारखा होतो, चुनखडीचा ॲपेटाइटसारखा. आत वेगळे, बाहेर सारखे. अशा वेळी कातडी पाहून निवडणाऱ्या पद्धतीने काय करावे?

उत्तर सापडले ते उलट बाजूने. फॉस्फेट आपल्याला हवा म्हणून तोच वर उचलला पाहिजे, असे कुठे आहे? नको ते वर काढा आणि हवे ते खाली राहू द्या. याला उलटे तरण म्हणतात. त्यासाठी घोळलेल्या पाण्यात थोडे आम्ल घालून ते सौम्य आंबट करतात, सामू पाचच्या आसपास. इथे आपली व्हिनेगरची परीक्षा कामाला येते. आंबट पाण्यात चुनखडीचा आणि डोलोमाइटचा पृष्ठभाग विरघळू लागतो. त्यांच्या अंगावरचे उसने कवच टिकत नाही, खालचा ताजा कॅल्शियम उघडा पडतो आणि मेदाम्ल त्याला धरते. सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडेही त्याच कणांच्या अंगावर फुटतात आणि त्यांना वर जायला हातभार लावतात.

फॉस्फेटला खाली ठेवायचे काम पुष्कळदा स्फुरदाम्लाकडून करून घेतात. ते ॲपेटाइटच्या पृष्ठभागावर बसते, त्याच्याबरोबर पाण्याचा थर धरून ठेवते आणि मेदाम्लाला तिथे जागा मिळू देत नाही. म्हणजे जे मिळवायचे त्यातलेच थोडेसे राखणीला बसवायचे. काही ठिकाणी हेच काम गंधकाम्लावर भागवतात, ते स्वस्त पडते. फेस ओसंडतो तो चुनखडीचा आणि डोलोमाइटचा. तळाशी राहतो फॉस्फेट. वाळू जास्त असेल तर मग तिच्यापासून फॉस्फेट वेगळा काढण्याची आणखी एक पायरी करावी लागते. अशा प्रक्रियेने १६-१७ टक्क्यांच्या खडकातून ३० टक्क्यांच्या वरचा माल तयार होतो आणि कारखाना तो घ्यायला तयार होतो.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दोन खनिजे एकमेकांत जितकी बारीक मिसळलेली, तितका खडक जास्त दळावा लागतो, आणि दळायला वीज लागते. फार दळले की मळीसारखा इतका सूक्ष्म गाळ होतो की तो नको तिथे चिकटतो आणि औषधे खाऊन टाकतो. तो आधी काढून टाकावा तर त्याच्याबरोबर फॉस्फेटही जातो. राजस्थानसारख्या कोरड्या भागात पाणी पुन्हापुन्हा वापरावे लागते, आणि त्या पाण्यात विरघळलेला कॅल्शियम साबणाच्या आड येतो. वर आलेला टाकाऊ फेस शेवटी गाळ होऊन बांधाआड साठवावा लागतो. शिवाय समुद्री फॉस्फेटमध्ये थोडे कार्बोनेट स्फटिकाच्या आतच बसलेले असते. त्याला कातडी नाहीच, तेव्हा फेस त्याला हात लावू शकत नाही. भट्टीत तापवून कार्बोनेट फोडण्याचा मार्ग आहे, पण त्याला इंधन फार लागते.

या कामातला एक धागा पुण्याचा आहे. टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था तिथे १९८१ साली सुरू झाली. तिथल्या प्रदीप आणि बीना राय यांनी कॅल्शियमच्या खनिजांसाठी औषधी रेणू आधी संगणकावर तपासण्याचे काम केले; त्यांचे लेख २००२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. कल्पना साधी आहे. खनिजाच्या पृष्ठभागावर दोन कॅल्शियममध्ये ठरावीक अंतर असते, आणि ते प्रत्येक खनिजात वेगळे. रेणूच्या दोन पकडींमध्ये नेमके तेवढेच अंतर ठेवले तर तो एकाला धरील, दुसऱ्याला सोडील. सगळ्यांना एकच अंगरखा घालणाऱ्या साबणाऐवजी माप घेऊन शिवलेला कपडा म्हणा.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या देशाची खडक स्फुरदाची बहुतेक गरज मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त अशा देशांतून जहाजाने येणाऱ्या मालावर भागते. २००७ साली टनाला ५० डॉलरच्या आसपास मिळणारा खडक २००८ मध्ये ४०० डॉलरच्या वर गेला होता. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले की खताच्या पोत्याची दोरी कुणाच्या हातात आहे. अनुदानामुळे शेतकऱ्याला तो भाव पूर्ण दिसला नाही, पण तो सरकारी तिजोरीतून भरला गेलाच. झामरकोटड्यासारख्या किंवा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, सागरसारख्या ठिकाणच्या हलक्या खडकाचा जेवढा भाग कामी येईल, तेवढी ही दोरी आपल्या हाती. सारी गरज त्यातून भागणार नाही. पण जो खडक टाकाऊ म्हणून पडला आहे, त्यातला टनन् टन आणायचा वाचतो.

आणि आणलेला स्फुरद जातो कुठे? धान्यात, भाजीत, दुधात, मग आपल्या पोटात. प्रौढ माणूस जेवढा स्फुरद खातो, जवळजवळ तेवढाच रोज बाहेर टाकतो. ब्रांडला तो मूत्रात सापडला तो उगाच नव्हे. मुंबईचा पुष्कळसा स्फुरद असा गटारांतून वाहतो. वरळीच्या लव्ह ग्रोव्ह केंद्रातून सांडपाणी बोगद्याने सुमारे साडेतीन किलोमीटर आत समुद्रात सोडले जाते. आफ्रिकेतून विकत आणलेला स्फुरद अशा रीतीने कोळीवाड्यासमोरच्या पाण्यात रिकामा होतो, जिथे त्याचा शेताला उपयोग नाही आणि प्रमाणाबाहेर झाला तर पाण्यालाही त्रासच. महापालिकेने वरळीला दिवसाला ५०० दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राचे काम हाती घेतले आहे. जगात काही शहरे अशा केंद्रांतून स्फुरदाचे खडे काढून ते खत म्हणून विकतात. खाणीवरच्या फेसाला जे वेगळे काढायला एवढे कष्ट पडतात, ते शहराच्या गटारात आधीच विरघळून तयार आहे. ते तिथेच अडवण्याची सोय या नव्या केंद्रात होणार का, हे विचारायला हवे. बांधकाम चालू असतानाच विचारले तर बरे.